मत्स्यालयातील सहजीवन : लहान मासे व जलवनस्पती यांची निवड

(शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्यासाठी भरविण्यात आलेल्या विज्ञान शिबिरात एका निवृत्त जीवशास्त्र-शिक्षकाने दिलेले व्याख्यान)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत माझा विषय वाचून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. पाणीपुरवठा, आरोग्य, शालेय पोषण या विषयांच्या शेजारी काचेच्या टाकीतील माशांना जागा कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारला तर तो गैर म्हणता येणार नाही. त्याचे उत्तर मी व्याख्यानाच्या शेवटी देण्याचा प्रयत्न करीन. आरंभी मात्र आपणांस एक गोष्ट आठवून पाहण्याची विनंती आहे. आपल्या शाळेत, पंचायतीच्या कार्यालयात किंवा वाचनालयात एखादी काचेची टाकी आहे काय? आणि असल्यास आज तिच्यात मासे आहेत, की खडूंच्या पेट्या व जुनी हजेरीपत्रके?

अशा पुष्कळ टाक्या मी पाहिल्या आहेत. मोठ्या हौसेने आणलेल्या, उद्‌घाटनाच्या दिवशी हार घातलेल्या आणि दोन महिन्यांत कोरड्या पडलेल्या. त्यांतली एक माझीच होती, म्हणून मी हे अधिकाराने बोलू शकतो.

पठारावरील एका गावी मी नव्यानेच रुजू झालो होतो. शहरात जाऊन मी टाकी आणली आणि त्याच दुकानातून डोळ्यांना आवडतील ते मासे घेतले. दोन सोनमासे, दोन एंजल, सहा निऑन टेट्रा आणि पाच टायगर बार्ब. सायंकाळी ते सारे एकाच पाण्यात सोडले. दुसऱ्या दिवशी सकाळी निऑन चारच उरले होते. तिसऱ्या दिवशी एकही नव्हता. एंजल माशांचे लांब पंख टायगर बार्बनी कुरतडून टाकले होते. आठवड्याच्या शेवटी सोनमासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागले आणि महिना संपण्यापूर्वी टाकी रिकामी झाली. मुले गप्प होती. पाचवीतील एका मुलीने तेवढे विचारले, "गुरुजी, हे सगळे मासे एकाच गावचे होते का?"

या प्रश्नाला माझ्यापाशी तेव्हा उत्तर नव्हते. पुढे शोधले तेव्हा कळले, की सोनमासा चीनमधल्या थंड पाण्यातला, टायगर बार्ब सुमात्रा बेटाच्या ओढ्यांतला, तर निऑन व एंजल दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनच्या खोऱ्यातले. एंजल व निऑन हे तर एका अर्थी गाववालेच. तरीही एकाने दुसऱ्याला गिळले. म्हणजे एक गाव असून भागत नाही. एकाच्या तोंडात दुसरा मावता कामा नये, एकाची सवय दुसऱ्याला जाचक होता कामा नये आणि दोघांनाही तेच पाणी मानवले पाहिजे. निरनिराळ्या जातींच्या माशांना एकत्र नांदविणाऱ्या मत्स्यालयाचे सारे शास्त्र या तीन वाक्यांत आहे. आपण ते जरा विस्ताराने पाहू.

पाणी आधी, मासा नंतर

आपण मासा निवडतो आणि मग त्याला पाणी देतो. हा क्रम उलटा करावयास हवा. गावचे पाणी आपल्याला बदलता येत नाही. मासा मात्र निवडता येतो.

महाराष्ट्रात पाण्याचे दोन ठळक प्रकार आढळतात. दख्खनच्या पठारावर काळ्या कातळातील, म्हणजे बेसॉल्टमधील विहिरींचे व विंधन विहिरींचे पाणी बहुधा जड व किंचित अल्कधर्मी असते. कोकणात जांभ्या दगडातून झिरपणारे पाणी बहुधा हलके व किंचित आम्लधर्मी असते. प्रयोगशाळा नसली तरी ही परीक्षा घरच्या घरी होते. ज्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि पातेल्याच्या तळाशी पांढरा थर धरतो, ते पाणी जड.

जड पाण्यात गप्पी, प्लॅटी व मॉली हे पिल्ले देणारे मासे उत्तम राहतात. निऑन टेट्रासारखा हलक्या, आम्लधर्मी पाण्यातला मासा तेथे झुरतो. उलट कोकणातील हलक्या पाण्यात मॉली निस्तेज होतात व पंख मिटून घेतात. रासबोरा व लहान गुरामी मात्र तेथे खुलतात. झेब्रा डॅनिओ आणि आपल्याकडचे कित्येक लहान बार्ब दोन्ही पाण्यांत निभावून नेतात. नवशिक्याने त्यांच्यापासूनच आरंभ करावा हे श्रेयस्कर.

येथे पंचायत सदस्यांच्या परिचयाची एक बाब सांगितली पाहिजे. पिण्याच्या पाण्यात आपण टीसीएल पावडर टाकतो. माणसासाठी ती आवश्यकच आहे, परंतु तिच्यातून सुटणारा क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना भाजून काढतो. माझी दुसरी टाकी याच कारणाने गेली. दोष पाण्याचा नव्हता, माझ्या घाईचा होता. नळाचे पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात किमान चोवीस तास उघडे ठेवावे आणि मगच टाकीत घालावे.

टाकीला महिनाभराचा अवधी

शाळेसाठी तीन फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच टाकी सोयीची. वाळूची व वरच्या मोकळ्या कडेची जागा वजा जाता तिच्यात सुमारे १६० लिटर पाणी राहते. भरलेल्या टाकीचे वजन दोनशे किलोंहून अधिक होते. म्हणून टेबलावर नव्हे, तर विटांच्या बांधीव ओट्यावर किंवा भक्कम लोखंडी घोडीवर तिला बसवावे आणि काचेखाली थर्मोकोलचा पातळ तक्ता घालावा. खिडकीतील थेट ऊन टाळावे, कारण त्याने काचेवर शेवाळ माजते.

टाकी भरली म्हणजे ती तयार झाली असे नाही. माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या अन्नातून अमोनिया निर्माण होतो. तो विषारी असून पाणी जितके अल्कधर्मी व उष्ण, तितका अधिक घातक. वाळूत व गाळणीच्या स्पंजात वाढणारे सूक्ष्म जीवाणू अमोनियाचे प्रथम नायट्राइटमध्ये आणि नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट मात्र बरेच निरुपद्रवी आणि वनस्पतींचे खत. हे जीवाणू पुरेसे वाढण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. माझे सोनमासे पृष्ठभागावर तोंड उघडझाप करीत होते, त्याचे कारण हेच. त्यांचा संसार थाटला होता, पण सफाईची व्यवस्था अद्याप झालेली नव्हती.

यास्तव प्रथम वाळू व वनस्पती लावाव्यात. दोन आठवड्यांनी चार झेब्रा डॅनिओ सोडावेत आणि त्यांना अगदी चिमूटभर अन्न द्यावे. आणखी महिना उलटल्यावर उरलेले मासे दोन-तीन टप्प्यांत आणावेत. स्पंज धुवावयाचा तो टाकीतून काढलेल्या पाण्यात, नळाखाली नव्हे. नळाखाली धुतला तर मळाबरोबर जीवाणूही जातात आणि पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागतो.

निवडीच्या चार कसोट्या

पाणी समजले, टाकी मुरली. आता मासे निवडावयाचे. दुकानात उभे राहून प्रत्येक माशाला चार प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न, हा वाढून किती मोठा होईल? दुकानात बोटाएवढी दिसणारी सर्वच पिल्ले बोटाएवढी राहत नाहीत. काच साफ करतो म्हणून विकला जाणारा सकर मासा एक-दीड फुटापर्यंत वाढतो. तळ्यातून धरून आणलेले तिलापियाचे किंवा मरळीचे पिल्लू काही महिन्यांत बाकीच्यांचे भक्षक होते. साधा नियम असा, की ज्या माशाच्या तोंडात दुसरा मासा मावतो, तो आज ना उद्या त्याला गिळणारच. यात त्याचा दोष नाही.

दुसरा प्रश्न, याचा स्वभाव कसा? टायगर बार्ब चपळ व खोडकर. लांब, संथ पंखांच्या माशांबरोबर त्याला ठेवू नये. फायटर माशाचे दोन नर एका टाकीत कधीही ठेवू नयेत. सोनमासा स्वभावाने गरीब. पण त्याला थंड पाणी लागते, तो फार घाण करतो आणि कोवळ्या वनस्पती उपटून खातो. त्याची टाकी स्वतंत्रच बरी.

तिसरा प्रश्न, हा पाण्याच्या कोणत्या थरात वावरतो? टाकीला वरचा, मधला व तळाचा असे तीन मजले असतात. एकाच मजल्यावर सारे बिऱ्हाडकरू भरले तर भांडणे होतात आणि बाकीची जागा वाया जाते. झेब्रा डॅनिओ वरच्या व मधल्या थरात धावतो, लहान बार्ब मधल्या थरात राहतात आणि मुरीसारखे मासे वाळूत तोंड घालून तळ धुंडाळतात.

चौथा प्रश्न, याला सोबत किती जणांची लागते? डॅनिओ, रासबोरा, टेट्रा व बार्ब हे थव्याने राहणारे मासे. त्यांचे दोन-दोन नमुने गोळा केले म्हणजे विविधता साधली, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात एकटा पडलेला मासा एक तर कोपऱ्यात भेदरून बसतो, नाही तर इतरांच्या मागे लागतो. अशा जातीचे किमान सहा मासे असावेत. जाती कमी आणि प्रत्येक जातीची संख्या पुरेशी, हेच सूत्र लक्षात ठेवावे.

एकूण संख्येचा ढोबळ हिशेब असा. पूर्ण वाढलेल्या लहान माशाच्या लांबीच्या दर सेंटिमीटरास दोन लिटर पाणी धरावे. म्हणजे १६० लिटरच्या टाकीत ८० सेंटिमीटर मासे. हा हिशेब केवळ लहान माशांनाच लागू पडतो. वीस सेंटिमीटरचा एक मासा चार सेंटिमीटरच्या पाच माशांपेक्षा कितीतरी अधिक घाण करतो.

दोन नमुने

हे सारे प्रत्यक्षात कसे जुळवावयाचे, याचे दोन नमुने देतो.

पठारावरील जड पाण्यासाठी : झेब्रा डॅनिओ आठ, टिक्टो बार्ब सहा आणि मुरी तीन. चार, पाच व सहा सेंटिमीटर धरून बेरीज ८० सेंटिमीटर होते. हे सर्व भारतीय उपखंडातील मासे आहेत. कोणास पिल्ले देणारे मासे दाखवावयाचे असतील तर टिक्टोच्या जागी दोन नर व चार माद्या या प्रमाणात प्लॅटी ठेवाव्यात. नरांची संख्या जास्त झाली तर माद्यांना विसावा मिळत नाही. जन्मलेली काही पिल्ले डॅनिओ खातील. दाट वनस्पतींत लपलेली काही जगतील. लोकसंख्येचा प्रश्न मुलांना येथे आपोआप समजतो.

कोकणातील हलक्या पाण्यासाठी : हार्लेक्विन रासबोरा दहा, हनी गुरामी चार आणि मुरी तीन. यांची बेरीज सुमारे ७८ सेंटिमीटर होते. गुरामी पृष्ठभागावर येऊन हवेतील प्राणवायू घेऊ शकते. माशाला कल्ल्यांखेरीज श्वसनाचा दुसरा मार्ग असू शकतो, हे वर्गात दाखविण्यासाठी तिच्यासारखे उदाहरण नाही.

झेब्रा डॅनिओविषयी दोन शब्द अधिक सांगतो. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेच्या खोऱ्यातील माशांवरील आपल्या ग्रंथात १८२२ मध्ये या माशाचे वर्णन केले. आज तो जगभरच्या प्रयोगशाळांत आनुवंशिकीच्या अभ्यासासाठी वापरला जातो, कारण त्याचा गर्भ पारदर्शक असतो व दोन-तीन दिवसांत अंड्यातून बाहेर येतो. साध्या भिंगातून त्याच्या हृदयाचे स्पंदन दिसते. परदेशी, महागड्या माशांच्या मागे लागणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांना हे ठाऊक असते?

मात्र 'आपले मासे' म्हणजे ओढ्यातून वाटेल ते धरून आणावयाचे, असा अर्थ कृपया करू नये. छापगर व साने यांनी १९९२ मध्ये वर्णन केलेला निळसर पट्ट्यांचा सेतनाई बार्ब गोवा व कर्नाटकातील सह्याद्रीच्या ओढ्यांत राहतो आणि तो आज संकटप्रवण जातींत गणला जातो. यांतील छापगर हे मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाचे अभिरक्षक होते. केरळ व दक्षिण कर्नाटकातील तांबड्या रेघेचा डेनिसन बार्ब, ज्याला व्यापारात 'मिस केरला' म्हणतात, तो शोभेच्या व्यापारासाठी इतका पकडला गेला की त्याची गणना धोक्यात आलेल्या जातींत करावी लागली. २०१३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याच्या प्रजातीला 'सह्याद्रिया' असे नाव दिले. ज्या माशाच्या नावात आपला डोंगर आहे, त्याला डोंगरातच राहू द्यावे. मासे शक्यतो संवर्धन केंद्रातून किंवा स्वतः पैदास करणाऱ्याकडून घ्यावेत. काचेसारख्या पारदर्शक माशांच्या अंगात सुईने रंग भरून ते विकण्याचा एक क्रूर प्रकार आहे. असे भडक रंगाचे मासे कोणीही घेऊ नयेत.

वनस्पतींची निवड

१८५० साली लंडनमधील रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने एका टाकीत दोन लहान सोनमासे व व्हॅलिस्नेरिया ही जलवनस्पती ठेवून त्यांचा समतोल साधतो काय, हे पाहिले. काही दिवस सर्व ठीक चालले. नंतर वनस्पतीची जुनी पाने कुजून पाणी गढूळ झाले. त्याने तळ्यातील काही गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाल्ली आणि पाणी पुन्हा स्वच्छ झाले. मासा, वनस्पती व सफाई करणारा जीव या तिघांचा मेळ बसला तरच टाकी टिकते, हा धडा त्या प्रयोगातून मिळाला.

तीच व्हॅलिस्नेरिया आजही टाकीच्या मागील बाजूस लावण्यास उत्तम. तिची पाने फितीसारखी लांब असतात आणि तिला जड पाणी मानवते. बाजूच्या कोपऱ्यांत हायड्रिला किंवा हॉर्नवर्ट लावावे. या भराभर वाढतात व पाण्यातील नायट्रेट शोषून घेतात. दर पंधरा दिवसांनी त्यांची छाटणी करावी. मधल्या भागात पाणनेचे, ज्याला दुकानात इंडियन फर्न म्हणतात, ते लावावे. प्लॅटीची पिल्ले त्यात दडतात. पुढील भागात आपली नेहमीची ब्राह्मी लावता येते. ओढ्याकाठी दलदलीत वाढणारी ही वनस्पती पुरेसा उजेड मिळाल्यास पाण्याखालीही तग धरते. विद्यार्थ्यांना औषधी वनस्पती म्हणून ती ओळखीची असते, हा आणखी एक लाभ.

कोकणातील हलक्या पाण्यात क्रिप्टोकोरिन चांगली वाढते. लावल्यावर पहिल्या काही दिवसांत तिची पाने गळून पडतात. ती मेली असे समजून उपटू नये. मूळ शाबूत असल्यास नवी पाने येतात. उजेड कमी असलेल्या खोलीत जावा फर्न व अनुबियास लावावीत. यांचा आडवा कंद वाळूत पुरला तर कुजतो. तो दोऱ्याने दगडाला किंवा लाकडाला बांधावा.

वनस्पती निवडताना सहवासी माशांकडेही पाहावे. मुरी वाळू उकरते, म्हणून रोपांच्या बुंध्याशी लहान दगड ठेवावेत. काही बार्ब कोवळी पाने कुरतडतात. त्यांच्यासोबत जावा फर्नसारखी चिवट पाने बरी. वाळू तीन ते पाच मिलिमीटर जाडीची, पाणी निवळेपर्यंत धुतलेली असावी. शंख-शिंपले व संगमरवराचे तुकडे पाणी अधिक जड करतात, म्हणून ते टाळावेत. आणलेली रोपे पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यात दहा मिनिटे बुडवून मग स्वच्छ धुवावीत.

एक गैरसमज दूर केला पाहिजे. वनस्पती प्राणवायू देतात तो उजेडात. रात्री माशांप्रमाणेच त्याही प्राणवायू घेतात. म्हणून दाट वनस्पती असलेल्या टाकीतील माशांना खरा त्रास होतो तो पहाटेच्या सुमारास. दिवसाला आठ तास उजेड पुरे. आणि येथेही तेच पथ्य पाळावे, की साताऱ्याच्या पठारांवरील वायतुऱ्यासारख्या दुर्मिळ वनस्पतींना हात लावू नये.

उन्हाळा, भारनियमन आणि सुट्टी

पुस्तकांत दिलेले नियम बहुधा थंड देशांतले असतात. तेथे पाणी तापविण्याची चिंता. आपल्याला ते निवविण्याची. वीस अंश सेल्सिअसला एका लिटर पाण्यात सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. तीस अंशांना तो साडेसातच्या आसपास येतो. पाणी तापते तसतशी माशांची प्राणवायूची गरज मात्र वाढते. अशा वेळी वीज गेली व हवेचा पंप थांबला, तर गच्च भरलेल्या टाकीतील मासे प्रथम मरतात. म्हणून विदर्भ-मराठवाड्यासारख्या भागात मी सांगितलेल्या संख्येच्या दोन-तृतीयांशच मासे ठेवावेत. उन्हाळ्यात टाकीचे झाकण काढून वर जाळी घालावी आणि काचेला बाहेरून ओले फडके गुंडाळावे. वीज गेल्यास तांब्याने पाणी उचलून थोड्या उंचीवरून पुन्हा टाकीतच ओतावे. हे काम मुले आनंदाने करतात.

दर आठवड्याला एक-चतुर्थांश पाणी बदलावे. अन्न दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल इतकेच द्यावे. उपासाने मासे क्वचितच मरतात. अतिअन्नाने नेहमी मरतात. चार दिवसांच्या सुट्टीत काहीही घातले नाही तरी चालते. मोठ्या सुट्टीसाठी मात्र गावातीलच दोन विद्यार्थ्यांची नेमणूक करावी व प्रत्येक दिवसाच्या अन्नाच्या पुड्या बांधून त्यांच्या हाती द्याव्यात. 'सर्वांनी लक्ष ठेवा' असे सांगितलेल्या टाकीकडे कोणीही लक्ष ठेवीत नाही, हे सार्वजनिक कामाचा अनुभव असलेल्या आपणांस मी सांगावयास नको.

टाकीतील जीव ओढ्यात नको

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. टाकी नकोशी झाली, मासे वाढले, की आपण दयाबुद्धीने ते तळ्यात किंवा नदीत सोडतो. ही दया नव्हे.

जलपर्णी आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्या जांभळ्या फुलांच्या मोहाने मूळची ही दक्षिण अमेरिकेतील वनस्पती शोभेसाठी देशोदेशी नेण्यात आली. आज ती काढण्यासाठी आपल्या नगरपालिका व पंचायती वर्षानुवर्षे खर्च करीत आहेत. तीच गोष्ट सकर माशाची. टाक्यांतून बाहेर पडलेला हा मासा देशातील अनेक नद्या-जलाशयांत पसरला असून उजनीसारख्या जलाशयातही तो मच्छीमारांच्या जाळ्यात सापडला आहे. त्याला बाजारात गिऱ्हाईक नाही आणि त्याच्या काटेरी पंखांनी जाळी फाटतात. एका घरची हौस शंभर घरांच्या पोटावर येते ती अशी.

गप्पी माशांविषयीही येथे स्पष्ट बोलणे बरे. डासांच्या अळ्या खाण्यासाठी आरोग्य विभागाच्या मार्गदर्शनाखाली ते बंदिस्त हौदांत व टाक्यांत सोडले जातात. तेथे त्यांचा उपयोग आहे. वाहत्या ओढ्यांत व नैसर्गिक तळ्यांत मात्र ते सोडू नयेत. तेथे अळ्या खाणारे आपले लहान मासे पूर्वीपासून आहेत आणि त्यांच्या तोंडचा घास या पाहुण्यांनी हिरावून घेण्याचे कारण नाही. जास्तीचे मासे दुसऱ्या शाळेला द्यावेत. छाटलेल्या वनस्पती वाळवून खतात टाकाव्यात. टाकीचे काढलेले पाणी बागेतील झाडांना घालावे. ते उत्तम खत आहे.

समारोप

आरंभी विचारलेल्या प्रश्नाकडे आता वळतो. पंचायत आणि शाळा यांच्या सभेत या विषयाला जागा कशासाठी? एका टाकीत पाणी मोजके असते, जागा मोजकी असते, घाण वाहून नेण्याची शक्तीही मोजकीच असते. त्या मर्यादेत कोणी किती राहावे, कोणाशेजारी कोणी राहावे आणि बाहेरून काय आणू नये, याचा निर्णय आपल्याला घ्यावा लागतो. तो चुकला तर आठ दिवसांत परिणाम दिसतो. गावच्या तळ्याच्या बाबतीत तोच परिणाम दिसावयास वीस वर्षे लागतात. तोवर निर्णय घेणारे निवृत्त झालेले असतात. मुलांना हे आठ दिवसांत शिकता आले, तर वीस वर्षांनी तळ्याचा निर्णय घेताना त्यांना त्याची आठवण राहील, अशी माझी आशा आहे.

माझी तिसरी टाकी टिकली. तिच्यात रंग कमी होते. डॅनिओ, टिक्टो आणि तळाशी तीन मुरी एवढेच. प्रश्न विचारणारी ती मुलगी तेव्हा सातवीत होती. तिने तासभर टाकीपुढे बसून वहीत नोंद केली, 'आज कोणीही कोणाच्या मागे लागले नाही.' तपासनीसांच्या शेरेबुकात माझ्याविषयी अनेक चांगले शेरे आहेत. पण मला आठवतो तो हा शेरा.

आपल्या शाळेत कोरडी टाकी असेल तर उद्या तिच्यातील खडूंच्या पेट्या बाहेर काढा. दुकानात जाण्याची घाई करू नका. प्रथम आपल्या विहिरीचे पाणी एका बाटलीत भरून वर्गात न्या आणि मुलांना विचारा, की या पाण्यात कोण सुखाने राहील?